वीस मिनिटं, दोन लाटा आणि एक त्रिकोण

वाचकाचं पत्र :

‘मी मूळचा रत्नागिरीचा, वय २४. दीड वर्षापासून नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात वुलनगाँगला आहे. भाट्याच्या समुद्रात पोहत वाढलो, त्यामुळे इथे आल्या आल्या बॉडीबोर्डिंगचं, म्हणजे फोमच्या छोट्या बोर्डावर पालथं पडून लाटांवर घसरण्याचं, वेड लागलं. गेल्या महिन्यात इथल्या क्लबच्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलो. चौघांची हीट (एकत्र उतरायची गटफेरी), वीस मिनिटं, पहिले दोघं पुढे जाणार. चांगल्या लाटेची वाट बघत बसलो आणि शेवटी दोनच मिळाल्या. पहिलीला २.३ गुण. दुसरीला माइकवर १.६ सांगितले, निकालाच्या कागदावर मात्र ०.८ होते. विचारायला संकोच वाटला. चौथा आलो. दुसऱ्या नंबरच्या मुलाची बेरीज ७.४ होती. मला एल रोलो, म्हणजे लाटेच्या झुकत्या काठाबरोबर गोल उलटून पुन्हा लाटेवर उतरणं, दहापैकी तीन-चार वेळा जमतो. मित्र म्हणतात, एअर रोल स्पिन आल्याशिवाय गुण मिळत नाहीत आणि तुझा ४३ इंची बोर्ड फेकून दोन स्ट्रिंगरवाला (आत दोन कडक दांड्या असलेला) पॉलिप्रोचा प्रो मॉडेल घे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो. पुढची फेरी दोन महिन्यांनी आहे. काय करू? गणपतीला घरी जाणार आहे, तिकडे सराव होईल का?’

उत्तर :

आधी त्या ०.८चा छडा लावू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. १.६चे ०.८, म्हणजे बरोब्बर निम्मे. हा बेरीज-वजाबाकीचा घोळ नाही, हा इंटरफिअरन्सचा दंड आहे. त्या कागदावर तुमच्या एखाद्या लाटेच्या गुणांभोवती त्रिकोण काढलेला असेल, बघा. तुम्ही कोणाच्या तरी लाटेत शिरलात, बहुसंख्य परीक्षकांनी ते टिपलं आणि तुमची दुसऱ्या क्रमांकाची लाट अर्धी झाली. जिथे प्रायॉरिटीची पद्धत असते, म्हणजे कोणाची पाळी हे किनाऱ्यावरच्या रंगीत फळीवर दाखवतात, तिथे अर्धीही मिळत नाही, शून्य होते. तुमच्या क्लबात कुठली पद्धत आहे हे स्पर्धेच्या सकाळी मुख्य परीक्षकांना विचारायचं. यात संकोच कसला? ते सांगायलाच बसलेले असतात.

नियम साधा आहे. लाट जिथे आधी फुटायला लागते त्या टोकाच्या जो जवळ, लाट त्याची. दुसऱ्याने त्याच दिशेने तिच्यावर उतरायचं नाही. बॉडीबोर्डवाल्याची अडचण अशी की तो पाण्याला चिकटून पालथा असतो, किक मारताना नजर किनाऱ्याकडे असते आणि मागून आलेला माणूस दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन किक मारण्याआधी मान वळवून फुटणाऱ्या टोकाकडे बघायची सवय लावा, रोजच्या सरावातसुद्धा. तिथे कोणी उतरत असेल तर बोर्डाचं नाक वर ओढून मागे बसा, लाट खालून जाऊ द्या. दुसरं म्हणजे बाहेर जाताना फुटणाऱ्या टोकामधून जाऊ नका, वळसा घाला. लाट न पकडता नुसते कोणाच्या वाटेत आलात तरी त्रिकोण मिळतोच.

दंड नसता तरी तुमची बेरीज ३.९ झाली असती, तुम्ही चौथेच आला असता. पण ७.४ या आकड्याकडे नीट बघा. पुढच्या फेरीत जायला ३.८च्या दोन लाटा पुरल्या असत्या. परीक्षक ० ते १० गुण देतात. साधारणपणे २पर्यंत कच्ची लाट, २ ते ४ बरी, ४ ते ६ मध्यम, ६ ते ८ चांगली आणि ८च्या वर उत्कृष्ट असं धरलं जातं, आणि प्रत्येकाच्या सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज होते. म्हणजे तुमच्या हीटमध्ये दुसरा आलेला मुलगासुद्धा ‘बऱ्या’ लाटांवरच पुढे गेला. तिथे एअर रोल स्पिन कोणी केला असेल असं आम्हाला वाटत नाही.

३.८ची लाट दिसते कशी? लाट उभी राहत असताना उतरणं, लगेच कड धरून मोकळ्या भिंतीवर, म्हणजे लाटेच्या न फुटलेल्या उतारावर, वेग घेणं, तिथेच एक स्वच्छ स्पिन, म्हणजे बोर्डासकट सपाट पूर्ण चक्कर, पुढे लाट मिटायला लागली की शेवटच्या भागावर आणखी एक पूर्ण हालचाल आणि फेसातून बोर्डावरच बाहेर येणं. आकडा दिवसावर आणि हीटवर थोडा इकडेतिकडे होतो, कारण परीक्षक त्याच समुद्रातल्या बाकीच्या लाटांशी तुलना करून गुण देतात. मात्र एक गोष्ट कुठेच बदलत नाही. अर्धवट राहिलेल्या हालचालीला गुण नाहीत. रोलो हवेत कितीही देखणा असू दे, उतरताना बोर्ड हातातून सुटला तर झालाच नाही असं धरतात. शिवाय लाटही तिथेच संपते. फेसात लोळत घेतलेल्या चार स्पिनांनाही जवळजवळ काही मिळत नाही. तेवढा दम वाचवा.

आता तुमचाच हिशेब. रोलो दहापैकी तीन-चार वेळा जमतो. दोन लाटांवर दोन्ही वेळा जमण्याची शक्यता साधारण आठांत एक. या भांडवलावर स्पर्धेत उतरायचं नसतं. पुढचे दोन महिने नवीन काही शिकू नका. फॉरवर्ड स्पिन (लाटेच्या भिंतीकडे वळून घेतलेला) दोन्ही बाजूंना दहापैकी नऊ आणि रोलो दहापैकी सात, एवढं झालं की एअर रोल स्पिनचं बघू. तो म्हणजे हवेत रोल आणि त्यालाच जोडून स्पिन. रोलो जिथे कच्चा, तिथे तो फक्त पाठ दुखवतो.

स्पिन बिघडतो तो बहुधा फिन्समुळे, म्हणजे पायात घालायच्या रबरी वल्ह्यांमुळे. उजवीकडे जाताना तुमचा उजवा हात नाकावर, उजवं कोपर बोर्डावर आणि डावा हात डाव्या कडेवर असतो, कमरेचं हाड शेपटीच्या काठाला टेकलेलं असतं. कड धरून धावायला ही जागा योग्य, पण अशा अवस्थेत फिरायला गेलात तर फिन्स पाण्यात नांगरासारखे रुततात आणि अर्ध्या चकरेत तोंड समुद्राकडे करून तुम्ही अडकता. म्हणून फिरण्याच्या क्षणी तीन गोष्टी एकदम व्हायला हव्यात. अंग चार बोटं पुढे सरकवून वजन बोर्डाच्या मधोमध आणायचं, घोटे एकमेकांवर टाकून पाय वर उचलायचे, आणि नजर लाटेच्या भिंतीकडून खांद्यावरून मागे न्यायची. मान जिकडे, अंग तिकडे. बोर्ड सपाट ठेवायचा, कड रुतली की संपलं. चक्कर पूर्ण झाली की त्याच दमात मागे सरकून पुन्हा कड धरायची. शेवटची ही पायरी विसरतात त्यांचा स्पिन होतो, पण वेग मरतो आणि लाट पुढे निघून जाते. उलट अंग फारच पुढे गेलं तर नाक बुडतं.

रोलोमध्ये तुमची चूक न बघताही ओळखता येण्यासारखी आहे, कारण तीन-चारवाल्या सगळ्यांची एकच असते: तुम्ही स्वतः गोल फिरायला जाता. फिरवायचं काम लाटेच्या ओठाचं, म्हणजे पुढे झुकणाऱ्या वरच्या काठाचं, आहे. तुम्ही खालून वळण घेऊन, वेग न सोडता, ओठ पुढे झुकत असताना नाक साधारण ४५ अंशांत त्याला भिडवायचं आणि त्याने फेकलं की त्याच्याबरोबर जायचं. लवकर गेलात तर ओठच नसतो, तुम्ही भिंतीवर कडमडता. उशिरा गेलात तर तो डोक्यावर येतो. हवेत बोर्ड छातीशी घट्ट, कोपरं आत. उतरताना वजन कोपरांवर आणि कमरेवर वाटून घ्या, आणि फेसात किंवा उतारावर उतरा, पुढच्या सपाट पाण्यावर नाही. सपाट पाणी म्हणजे जमीनच. कमरेचा कणा तिथे दुखावतो, आणि असं दुखणं महिनोन्‌महिने जात नाही.

शक्य असेल तर मित्राला किनाऱ्यावरून, जिथे परीक्षक बसतात तिथूनच, मोबाईलवर चित्रण करायला सांगा. वीस मिनिटांचं घड्याळ लावा. घरी येऊन प्रत्येक लाटेला गुण द्या आणि अर्धवट हालचालीला प्रामाणिकपणे शून्य द्या. पहिल्याच दिवशी बऱ्याच गोष्टी लक्षात येतील, त्यातली मुख्य म्हणजे वीस मिनिटांतली किती मिनिटं नुसतं बसण्यात जातात.

बोर्डाबद्दल मित्रांचं अर्धं बरोबर आहे. ४३ इंच तुम्हाला मोठाच. उभा केला की बोर्ड बेंबीपर्यंत यावा, तुमच्या उंची-वजनाला ४१ किंवा फार तर साडेएक्केचाळीस. जास्त लांब बोर्ड सरळ रेषेत छान पळतो, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतो आणि स्पिनमध्ये शेपूट ओढते. बाकीचं अर्धं मात्र चूक आहे. पॉलिप्रो, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा गाभा, हलका आणि कडक असतो, पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर असेल तिथे शोभतो. वुलनगाँगचं पाणी हिवाळ्यात सोळा-सतरावर येतं. त्यात पॉलिप्रो आणि वर दोन स्ट्रिंगर म्हणजे ६४ किलोच्या माणसाखाली पाटच. वळणावर बोर्ड थोडा वाकला तरच कड पकड घेते, आणि हा तुमच्याने वाकणार नाही. पीई, म्हणजे पॉलिइथिलीनचा गाभा आणि एकच स्ट्रिंगर घ्या. उन्हाळ्यात किंचित मऊ वाटेल, चालेल. कमी घनतेचा पॉलिप्रो हा मधला मार्गही आहे, मात्र दुकानात दोन्ही हातांनी वाकवून बघितल्याशिवाय घेऊ नका. खालचा थर सर्लिन या लवचिक प्लास्टिकचा असावा. तो वाकून परत सरळ होतो, स्वस्त एचडीपीई प्लास्टिकला कायमच्या सुरकुत्या पडतात. शेपूट क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोरीसारखी. वापरलेला पण सुरकुती न पडलेला बोर्ड मिळाला तर बेलाशक घ्या. टॉम मोरीने १९७१ साली हवाईत पहिला बॉडीबोर्ड केला तो फोमचा तुकडा विजेच्या सुरीने कापून आणि वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्रीने गुळगुळीत करून. नाव कोणाचं छापलंय याला फार महत्त्व देऊ नका.

लीशचा, म्हणजे बोर्ड दंडाला बांधायच्या दोरीचा, प्लग स्वतः बसवणार असाल तर नाकाकडच्या भागात, ज्या दंडाला लीश बांधता त्या बाजूला, कडेपासून चार-पाच इंच आत भोक पाडा. आधी स्ट्रिंगर कुठून जातो ते चाचपून त्याची जागा टाळा. वॅक्स (पकडीसाठीचं मेण) लागतो तो फक्त हात धरता तिथे, म्हणजे नाक आणि कडांचा वरचा एक तृतीयांश भाग, आणि कोपर टेकतं तिथे. पोटाखाली थापू नका, स्पिनच्या वेळी तिथूनच पुढेमागे सरकायचं असतं. आणि बोर्ड उन्हात गाडीत ठेवू नका. आतली हवा फुगते, थर सुटतो आणि पाठीवर पापडासारखे फोड येतात. त्यावर इलाज नाही.

पैसे थोडेच असतील तर ते आधी फिन्सवर घाला. तुम्ही हीटमध्ये दोनच लाटा पकडल्यात याचं निम्मं कारण आम्हाला तिथे दिसतं. टाच हलत असेल तर प्रत्येक किकमधला जोर वाया जातो. निऑप्रीनचे मोजे घालूनच माप बघा, बहुतेकांना अर्धा नंबर मोठा लागतो. दुकानात पाय झटकून बघा, निसटता कामा नये. फिन घोट्याला बांधायची दोरीही घ्या. एक फिन गेला तर हीट गेली. किक पाण्याखालीच ठेवा, वर फेस उडवणाऱ्या किकने पुढे सरकायला होत नाही. पोहण्याच्या तलावात आठवड्यातून दोनदा फिन्स घालून ५० मीटरच्या ८ फेऱ्या जोरात, मध्ये तीस-तीस सेकंद थांबून. पोटऱ्यांत गोळे इथेच येऊ द्यात, समुद्रात नकोत. घरी रोज भुजंगासन आणि शलभासन करा. बॉडीबोर्डवरची बैठक म्हणजे जवळपास भुजंगासनच, फरक एवढाच की इथे खालची चटई पळत असते. वीसाव्या मिनिटाला मान आणि कंबर खाली आली की लाट दिसेनाशी होते.

आता स्पर्धेचा दिवस. तुमच्या हीटच्या तासभर आधी किनाऱ्यावर उभं राहा आणि मोजा. मोठ्या लाटांचा संच किती मिनिटांनी येतो, एका संचात लाटा किती, त्यातली कितवी मोकळी भिंत देते आणि कितवी एकदम सगळी कोसळते. बऱ्याचदा पहिली कोसळते आणि सगळे तिच्यामागेच धावतात. बाहेर जायला ओढ, म्हणजे समुद्राकडे नेणारा प्रवाह, कुठे आहे ते बघून ठेवा, तो फुकटचा रस्ता आहे. इथली भरती-ओहोटी रत्नागिरीपेक्षा लहान असते, उधाणालासुद्धा साधारण दीड-दोन मीटर, पण वाळूच्या पट्ट्यावर तेवढ्याने खेळ बदलतो. पूर्ण भरतीला लाट जाड आणि आळशी, ओहोटीला उभी आणि एकदम मिटणारी. सकाळी सात वाजता बघितलेली लाट तुमच्या हीटला दहा वाजता तशीच असेल असं धरू नका. उन्हाळ्यात तर दुपारी ईशान्येचा वारा सुटून सगळं विस्कटतं.

आधीच्या दोन हीट सुरू असतानाच लायक्रा, म्हणजे स्पर्धेचा रंगीत बनियन, घेऊन तयार राहा, रंग पाठ करा, कारण माइकवर नाव नाही, रंगच पुकारतात. आधीची हीट चालू असताना तिच्या हद्दीत शिरायचं नाही. भोंगा वाजला की पहिल्या सहा-सात मिनिटांत दोन लाटा पूर्ण करायच्या, कशाही असोत, एक स्पिन आणि फेसातून बाहेर. कागदावर पाच-सहा गुण पडले की छातीतली धडधड आपोआप उतरते. मग निवड सुरू करा. तुमच्याकडे ३.५ आणि २.६ आहेत आणि दुसऱ्या नंबरवर ७.४ आहे असं ऐकू आलं, तर ३.५ हातात धरून तुम्हाला ३.९१ हवेत. म्हणजे चाराच्या आसपासची एकच लाट. संचातली सगळ्यात राक्षसी लाट नको. हा हिशेब पाण्यात बसून करता आला पाहिजे, घरी सराव करा. शेवटच्या पाच मिनिटांना पिवळी खूण लावतात. तेव्हा फार बाहेर बसलेला माणूस हमखास रिकाम्या हाताने परततो. शेवटच्या भोंग्याआधी पकडलेली लाटच धरतात, आणि भोंग्यानंतर पालथं पडूनच सरळ किनाऱ्याला यायचं. जाता जाता मजेने एखादी लाट मारलीत तर पुढच्या हीटमधल्या कोणाच्या तरी वाटेत येऊन पुन्हा तो त्रिकोण.

क्लबमध्ये सातत्य आलं की राज्य पातळीवर सर्फिंग न्यू साउथ वेल्स आणि त्याच्यावर सर्फिंग ऑस्ट्रेलिया अशी चढण आहे. क्लबचं सदस्यत्व घेताना विमा त्यात येतो का ते विचारून घ्या. वुलनगाँगजवळच्या सँडन पॉइंटसारख्या खडकावरच्या लाटा या दोन महिन्यांत नकोत. वाळूवर दिवसाला वीस लाटा मिळतील, खडकावर ओळखीच्या मंडळींच्या मागे रांगेत बसून चार.

गणपतीत रत्नागिरीला बोर्ड न्यायची गरज नाही. ऑगस्ट-सप्टेंबरचा समुद्र कसा असतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको, आणि गणपतीपुळ्याच्या ओढीने चांगल्या पोहणाऱ्यांनाही नेलंय. तिथे पाण्यात उतरूच नका. पावसाळा सरल्यावर भाट्याला लाट असते, पण बहुतेक वेळा एवढी लहान की रोलोला ओठच मिळत नाही. स्पिनचं पाय उचलणं आणि पुढेमागे सरकणं मात्र तिथे छान घोटता येईल, ते पुढच्या रजेत. या वेळी फिन्स तेवढे न्या. तलाव मिळाला तर त्या आठ फेऱ्या मोदकांवरही करता येतात, खाल्ल्यावर दोन तासांनी.

ब्लूबॉटल (जेलीफिशसारखा निळा डंख मारणारा जीव) चावला तर ऑस्ट्रेलियातल्या रीतीप्रमाणे समुद्राच्या पाण्याने धागे धुऊन काढा आणि सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. हीट तेवढ्यात पुकारली तर परीक्षकांना सांगून नाव मागे घ्या.